राहून गेलेले डोस

८ एप्रिल २०१० रोजी देशात नऊ ठिकाणी चाललेलं एक लसीकरण मध्येच बंद पडलं. हैदराबादचं एमएनजे कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा, पुण्याचं जहांगीर, शिवाय अहमदाबाद, दिल्ली, तमिळनाडूतलं अंबिलिक्कई, सिक्कीम आणि मिझोराम अशी ही केंद्रं होती. १ सप्टेंबर २००९पासून तिथं दहा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस दिली जात होती. संशोधकांचा प्रश्न साधा होता: या लसीचे तेव्हा तीन डोस देत असत, त्याऐवजी दोन पुरतील का? वीस हजार मुली घ्यायचं ठरलं होतं. सरकारचा आदेश आला तेव्हा १७,७२९ मुलींना निदान एक डोस मिळालेला होता. ठरल्याप्रमाणे तीन डोस पुरे झाले होते ४,३४८ जणींचे आणि सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस पुरे झाले होते ४,९७९ जणींचे. तीनपैकी दोन घेऊन अडकलेल्या ३,४५२ होत्या. ४,९५० मुलींना एकच डोस मिळाला होता आणि पुढचा मिळण्याची आशा उरली नव्हती.

प्रयोग म्हणून पाहिलं तर तो त्या दिवशी मोडला. पुढच्या बारा वर्षांत याच मोडलेल्या प्रयोगानं जगभरातल्या मुलींच्या लसीकरणाचं वेळापत्रक बदलून टाकलं. भारतानं अभिमानानं सांगावी अशी ही हकिगत आहे, आणि तरी ती फारशी सांगितली जात नाही. कारण ती सांगायची तर खम्मम जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या वसतिगृहांपाशी थांबावं लागतं.

आधी रोगाबद्दल. बायका त्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. सुरुवातीला अंगावरून पांढरं जातं, मग मधेच लाल दिसतं, संबंधानंतर रक्त येतं. दुखत नाही, म्हणून बाई बोलत नाही. दुखायला लागतं तेव्हा गाठ पिशवीबाहेर सरकून कमरेच्या आतल्या भिंतीपर्यंत पोचलेली असते. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा रोग होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्यानं मरतात. यातल्या बहुतेक खेड्यातल्या, हातावर पोट असलेल्या घरांतल्या असतात.

हैदराबादचं कर्करोग रुग्णालय १९५५ साली मेहदी नवाज जंग यांच्या पुढाकारानं उभं राहिलं. हेच पुढं गुजरातचे पहिले राज्यपाल झाले. रुग्णालय सुरू झालं तेव्हा हैदराबाद राज्य अजून मोडलेलं नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ला ते मोडलं, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निजामाच्या राजधानीशी असलेला सरकारी धागा तुटला. त्या पाचांतला एक उस्मानाबाद, आताचा धाराशिव. शेवटच्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं, नाव तेव्हा वागवणारा हा जिल्हा. पुढं जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत त्याचं नाव गेलं ते या रोगामुळंच.

त्याची सुरुवात शेजारच्या बार्शीत झाली. बार्शी जुन्या इंग्रजी मुलखातली, परंडा आणि भूम निजामाच्या. १९८७ साली या तीन तालुक्यांची मिळून कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, ग्रामीण भारतातली ही पहिलीच. शहरात नोंदवही ठेवायची तर रुग्णालयांचे कागद गोळा करून भागतं. इथं कागदच नव्हते, कारण माणसं रुग्णालयात पोचतच नव्हती. मग नोंदवहीची माणसं गावोगाव फिरली, बैठका घेतल्या, कोणती लक्षणं दिसली तर यायचं ते सांगितलं, संशय असेल तिला बार्शीला यायला लावलं. डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी, आणि या कामाची शास्त्रीय आखणी करणाऱ्या कस्तुरी जयंत यांना काही वर्षांतच एक गोष्ट दिसली: नुसतं सांगितल्यानं बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. यंत्र नाही, औषध नाही, केवळ बोलणं. मला या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं पान वाटतं आणि पुढं खम्ममला जे घडलं त्याचं मोजमाप मी याच पानावरून करतो.

१९९९मध्ये त्याच पायावर उस्मानाबाद जिल्ह्यातली मोठी चाचणी उभी राहिली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे आर. शंकरनारायणन, टाटाचे सुरेंद्र शास्त्री, बार्शीचे नेने हे त्यातले प्रमुख. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, त्यांच्या गावांचे ५२ समूह, आणि चार गट. एका गटात परिचारिका गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायची आणि कुठं पांढरा डाग उमटतो का ते पाहायची. दुसऱ्या गटात पेशी काचेवर घेऊन तपासायच्या. तिसऱ्यात त्याच जागेवरून ब्रशनं पेशी घेऊन विषाणूचा डीएनए शोधायचा. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा, म्हणजे बहुतेकींना कुठलीच तपासणी नाही. २००९मध्ये निकाल छापून आला. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या ३४,१२६ बायकांत या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले, आणि तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांत ६४. एकाच चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींना हे साधलं नाही. विषाणू नसल्याचं कळलेल्या बायका पुढची आठ वर्षं जवळजवळ निर्धास्त होत्या. बाकीच्या दोन चाचण्यांत ‘काही नाही’ असा निकाल मिळालेल्यांना त्यांच्या चौपटीहून जास्त कर्करोग झाला.

चौथ्या गटातल्या त्या ६४ मृत्यूंवरून पुढं बरीच टीका झाली. तपासणीचा उपयोग होतो हे जगाला आधीच माहीत असताना तीस हजार बायकांना बिनतपासणीचं का ठेवलं? संशोधकांचं उत्तर होतं की देशात तेव्हा नेहमीची सेवा म्हणजे हीच स्थिती होती. उत्तर खरं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. देशाची उपेक्षा ही एखादीला उपेक्षित ठेवण्याची परवानगी होऊ शकत नाही. तरीही या चाचणीनं जे दाखवलं ते मोलाचं आहे आणि ते ज्या बायकांमुळं कळलं त्यांचं नाव कुठल्याच शोधनिबंधावर नाही.

विषाणूची चाचणीच का जिंकली? कारण रोगाचं मूळ तोच आहे. मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही. १९८३ साली जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटानं गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्याचा सोळावा प्रकार वेगळा काढला, पाठोपाठ अठरावा. २००८मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हैदराबादच्या सेंटर फॉर डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नॉस्टिक्सच्या संशोधकांनी आंध्रातल्या रुग्णांच्या गाठी तपासून २००५मध्ये जो अहवाल छापला, त्यातही सोळावा प्रकार सुमारे दोन-तृतीयांश ठिकाणी सापडला, त्याखालोखाल अठरावा. म्हणजे जर्मनीत बनलेलं निदान दख्खनच्या बायकांनाही लागू होतं, आणि या दोन प्रकारांविरुद्धची लस इथं उपयोगी पडणार होती.

पण एक कोडं उरतं. हा विषाणू संबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना कधी ना कधी लागतोच. दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत निघून जातो, त्यांना पत्ताही लागत नाही. एखादीत तो ठाण मांडतो आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यातल्या काहींना कर्करोग होतो. विषाणू तोच, मग फरक कशाचा? शरीरानं त्याला ओळखलं की नाही, याचा.

आपल्या पेशींत परकं काही शिरलं की ते टिपणारे रेणू असतात. त्यांतल्या एका कुळाला टोल-लाइक रिसेप्टर म्हणतात. माशीतल्या एका जनुकापासून सुरू झालेला हा शोध २०११च्या नोबेलपर्यंत पोचला. त्या कुळातला नववा, टीएलआर-९, विषाणू आणि जीवाणूंच्या डीएनएची विशिष्ट धाटणी ओळखतो आणि धोक्याची खूण देतो. फ्रान्समधल्या ल्यों शहरात, म्हणजे आपल्या चाचण्या जुळवणाऱ्या त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेत, २००७ साली दिसलं की सोळाव्या प्रकारच्या विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिनं पेशीतला टीएलआर-९ बनणंच दाबून टाकतात. हीच दोन प्रथिनं पेशीचे दोन मोठे लगाम, पी-५३ आणि आरबी, निकामी करतात. म्हणजे जी प्रथिनं पेशीला बेलगाम वाढायला लावतात, तीच पहारेकऱ्यालाही झोपवतात.

दुसरी फळी एचएलए रेणूंची. दुकानदार काचेच्या कपाटात नमुने मांडतो, तशी प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे या रेणूंवर लावून पृष्ठभागावर मांडते, आणि फिरत्या टी-पेशी ते वाचत जातात. तुकडा परका दिसला की त्या पेशीचा निकाल लावतात. एचपीव्हीचं ई-५ हे प्रथिन या एचएलए रेणूंना पेशीच्या आतच अडकवून ठेवतं. पुढं कर्करोग बनलेल्या अनेक गाठींत हे रेणू पृष्ठभागावर फार कमी उरलेले असतात. शिवाय प्रत्येकाचे एचएलए वेगळे, आईबापांकडून आलेले. १९९१मध्ये जर्मनीतल्या वांक आणि टॉमसेन यांनी दाखवलं की एका विशिष्ट एचएलए प्रकाराच्या बायकांत हा कर्करोग जास्त आढळतो. नंतर काही प्रकार उलट राखणदार असल्याचंही दिसलं. याचा अर्थ कपाळावर लिहिलेलं असतं असा नाही. त्या फरकानं जोखीम थोडी वरखाली होते, एवढंच.

यात भर म्हणजे हा विषाणू रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. वरवरच्या थरात वाढतो आणि झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर जातो. त्यामुळं विषाणू लागून गेल्यावरही पुष्कळ बायकांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं जवळपास सापडत नाहीत.

लसीनं नेमकी हीच अडचण उलटी केली. १९९१मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला इयन फ्रेझर आणि जियान झोऊ यांना दिसलं की विषाणूच्या कवचाची प्रथिनं, त्यातलं मुख्य एल-१, पेशीत बनवली तर ती आपोआप जुळून विषाणूसारखा पोकळ गोळा तयार करतात. आत डीएनए नाही, म्हणजे रोगही नाही. त्या गोळ्यावर एल-१चे ३६० रेणू ठरावीक अंतरानं, एकाच साच्यात बसलेले असतात. अशी आखीव पुनरावृत्ती आपल्या शरीराच्या स्वतःच्या पृष्ठभागावर कुठंच नसते, म्हणून प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना ती चटकन आणि ठळक कळते. त्यात ही सुई दंडाच्या स्नायूत. तिथून माल थेट लसिकाग्रंथीत जातो, जिथं विषाणू स्वतः कधी पाऊल टाकत नाही. मग ज्या पेशी तयार होतात त्यांतल्या काही अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं प्रतिपिंडं सोडत राहतात. एक डोस पुरला, त्याचं कारण बहुधा इथं आहे. पण २०१०मध्ये हे कुणी छातीठोकपणे म्हणालं नसतं.

आता खम्मम. जुलै २००९मध्ये आंध्र प्रदेश सरकारनं पाथ या अमेरिकी संस्थेबरोबर आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साथीनं खम्मम जिल्ह्यातल्या तीन मंडलांत, भद्राचलम, कोत्तगुडेम आणि तिरुमलयापालेमला, दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस द्यायला सुरुवात केली. असाच प्रकल्प गुजरातेत वडोदऱ्याला होता. पैसा गेट्स फाउंडेशनचा, लस कंपन्यांनी फुकट दिलेली. दोन्हीकडं मिळून चोवीस हजारांच्या आसपास मुली, त्यांत आदिवासी बऱ्याच. सार्वजनिक व्यवस्थेतून लस कशी पोचवता येईल ते पाहायचं, असा हेतू सांगितला होता. बार्शी-हैदराबादच्या चाचणीशी या प्रकल्पाचा संबंध नव्हता.

२०१०च्या सुरुवातीला मृत्यूंच्या बातम्या आल्या. एकूण सात मुली. महिला आरोग्यावर काम करणाऱ्या ‘समा’ संस्थेच्या कार्यकर्त्या मार्चमध्ये खम्ममला जाऊन आल्या आणि संमती कशी घेतली गेली ते त्यांनी बाहेर आणलं. एप्रिलमध्ये केंद्रानं प्रकल्प थांबवला आणि त्याच झटक्यात सुरुवातीला सांगितलेली, शंकरनारायणन यांचीच नऊ केंद्रांवरची लसचाचणीही थांबली. चौकशी समितीनं मृत्यू लसीमुळं झाले नाहीत असा निष्कर्ष काढला. एक मुलगी खाणीतल्या पाण्यात बुडाली होती, एकीला साप चावला होता, दोघींनी कीटकनाशक प्यायलं होतं, एकीला मलेरिया झाला होता. दोघींच्या मृत्यूचं कारण तितकं स्पष्ट नव्हतं. पण त्याच समितीला कागदांत दुसरं काही दिसलं. आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३वर वसतिगृहाच्या वॉर्डननं सही केली होती आणि १,९४८वर अंगठे होते. आईबाप गावात होते, मुली आश्रमशाळेत, आणि मुलीच्या दंडाचा निर्णय वॉर्डनच्या टेबलावर झाला. संसदेच्या स्थायी समितीनं ३० ऑगस्ट २०१३च्या अहवालात पाथवर आणि परिषदेवर कडक ताशेरे ओढले. पाथनं ते नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कल्पना मेहता विरुद्ध भारत सरकार या नावानं घटनापीठाचा निकाल ९ मे २०१८ला आला, तो संसदीय समितीचे अहवाल न्यायालयाला वापरता येतात का, या प्रश्नावर. एका लसीच्या संमतिपत्रांवरून निघालेला वाद घटनेच्या कलमांपर्यंत गेला.

माझं स्पष्ट मत असं की लस निर्दोष होती आणि ती देण्याची रीत सदोष होती. या दोन गोष्टी एकत्र मांडायला आपल्याकडं जड जातं. लसीच्या बाजूची मंडळी वॉर्डनच्या सहीला किरकोळ कागदी चूक म्हणाली, विरोधकांनी सात मृत्यू लसीच्या माथी मारले. परिणामी गरीब मुलींची पुढची बारा-तेरा वर्षं वाया गेली. पैसेवाल्यांच्या मुलींना खासगी दवाखान्यात लस मिळतच होती.

बार्शीत, पुण्यात, हैदराबादेत मात्र काम संपलं नव्हतं. लस देता येत नव्हती, पण लस घेतलेल्या मुलींकडं लक्ष ठेवायला मनाई नव्हती. संशोधकांनी चारही गटांचा पाठपुरावा चालू ठेवला. आधी रक्तातली प्रतिपिंडं मोजली. मुलींची लग्नं झाली, त्या सासरी, दुसऱ्या गावी गेल्या; लग्नानंतर अठरा महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, गर्भाशयमुखाच्या पेशींचा पहिला नमुना आणि मग दरवर्षी एक. तुलनेसाठी लस न घेतलेल्या, त्याच वयाच्या विवाहित मुली. नवी सून, नवं घर, आणि विषाणू तपासायला नमुना द्यायचा. आपल्या गावांत हे किती अवघड असतं ते वेगळं सांगायला नको. त्या मुलींनी वर्षानुवर्षं तो दिला.

२०२१मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त दहा वर्षांचा हिशेब छापला गेला. सोळाव्या आणि अठराव्या प्रकारच्या विषाणूनं ठाण मांडण्यापासून संरक्षण: तीन डोसांनी ९३.३ टक्के, दोन डोसांनी ९३.१, आणि एकाच डोसानं, तपासलेल्या २,१३५ जणींत, ९५.४. एका डोसानं रक्तातली प्रतिपिंडं कमी बनली होती हे खरं, पण जितकी बनली ती वर्षानुवर्षं टिकली. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आदेशामुळं पडलेले होते, म्हणून शास्त्रज्ञ सावध होते. पाठोपाठ केनियात मुद्दाम आखलेल्या चाचणीनंही एका डोसाची बाजू उचलून धरली. डिसेंबर २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसाला मान्यता दिली. जिथं तीन वेळा शाळेत जावं लागत होतं तिथं एकदा जाऊन भागतं, एका मुलीच्या पैशांत तिघींना लस मिळते. बार्शी तालुक्यातल्या एखाद्या मुलीचे राहून गेलेले दोन डोस आफ्रिकेतल्या दोन मुलींच्या वाट्याला आले, असा हा हिशेब आहे.

इथंही पुढं पावलं पडली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लसीला जुलै २०२२मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली.

आपल्या घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या लसीची चौकशी या महिन्यात करा, आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं विषाणूची चाचणी एकदा तरी करून घ्यावी, कारण उस्मानाबादच्या बायकांनी तिचा गुण आपल्यासाठी सिद्ध करून ठेवला आहे. ज्यांच्या हातात शाळा, वसतिगृहं आणि आरोग्यकेंद्रं आहेत त्यांना एवढंच मागणं की सुई टोचण्याआधी ती कशासाठी आहे ते मुलीला आणि तिच्या आईला त्यांच्या भाषेत सांगा, आणि सही आईबापांचीच घ्या.